जावयाच्या नावाचे शिलाई मशीन

पोळ्याचा आदला दिवस, सोमवार. स्थळ: कोरीट गावातले एक घर. हजर: मी, आमच्या हवालदारबाई, दोन पंच, घरची सून, तिला भेटायला रनाळ्याहून आलेली तिची आई, आणि ओट्यावर निम्मे गाव. ती दुपार डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

वाद एका शिलाई मशीनचा होता. रनाळ्याच्या त्या बाईच्या सुनेला नवऱ्याने घराबाहेर काढले होते. लहान मुलीला घेऊन ती माहेरी आली होती आणि ब्लाउज शिवून पोट भरायचे म्हणत होती. तक्रार देताना म्हणाली, "साहेब, भांडाकुंडा त्यासले ऱ्हाऊ द्या. मन्हं मशीन तेवढं दी द्या."

लग्नात बापाने दिलेले आंदण हे बाईचे स्त्रीधन. ते सासरी राहिले म्हणून सासरचे होत नाही. सासरचे फक्त सांभाळणारे. मागूनही दिले नाही तर तो विश्वासघाताचा गुन्हा. कायदा इतका सरळ आहे. अडचण मशीनच्या फळीवर होती. आपल्याकडे आंदणाच्या वस्तूंवर नाव टाकतात, आणि या बापाने ते जावयाचे टाकले होते. विचारले तर म्हातारा म्हणाला, "जवाईना मान म्हनीसन टाकं, साहेब." मुलीचे नाव टाकावे हे कुणाला सुचलेच नाही.

रनाळ्याच्या घराची झडती घेतली. मशीन नव्हते. नवऱ्याने हात वर केले. निघताना शेजारची एक बाई हंडा भरता भरता हवालदारबाईंना हळूच म्हणाली, "कोरीटले दखा. नणंदनं घर."

कोरीटला मशीन ओसरीतच होते, सुईत दोरा ओवलेला. बायकांना जबाबासाठी ठाण्यात बोलवायचे नसते, म्हणून तिथेच बसलो. रनाळ्याची सासू तयारच होती. "नाव वाची ल्या ना, साहेब. मन्हा पोऱ्यानं शे का नही?"

"आहे."

"मंग?"

माणूस आरोप पचवतो, कमीपणा पचवत नाही, हे नोकरीत अनेकदा पाहिले. मी मशीनचे चाक फिरवून म्हणालो, "मावशी, एवढे खातेपिते घर तुमचे, आणि घेतले ते असले जुनाट? मोटरसुद्धा नाही?"

ओट्यावर कुणीतरी हसले. सासू उसळली. "आमी असं भंगार इकत लेसूत का? तिना बापनी दिन्हं ते! मोटर बी लाई दिन्ही नही!"

"माय, उगी ऱ्हाय ना!" लेक ओरडली. पण पंचांनी ऐकले होते, आणि हवालदारबाईंनी जबाब लिहायला घेतला होता.

पंचनामा झाला. मशीन जप्त होऊन ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत आले. तक्रार देणारी सून लगेच भावाबरोबर हातगाडी घेऊन ठाण्याच्या दारात हजर. मला सांगावे लागले की जप्त वस्तू आम्हाला परस्पर देता येत नाही, कोर्टाचा हुकूम लागतो.

ती म्हणाली, "म्हनजे आते ते तुमनं व्हयनं?"

भाऊ हसला. मला हसू आले नाही.

तिने कोर्टात अर्ज केला. नवऱ्याने फळीवरच्या नावाचा फोटो लावून हरकत घेतली. तारखा पडत गेल्या. मी निवृत्त झालो.

मालकी कुणाची हे ठरवायला आम्हाला एक दुपार पुरली. ताब्याचे तसे नसते. वस्तू ज्याच्या हातात, त्याला घाई नसते. नवऱ्याला नव्हती, आम्हालाही नव्हती. नणंद निदान त्यावर शिवत तरी होती. आम्ही जप्त केल्यापासून त्या मशीनवर एक टाका पडलेला नाही.

परवा ठाण्यात गेलो होतो. मशीन बेवारस मोटारसायकलींच्या मागे उभे आहे. ती सून दुसऱ्याच्या दुकानात काजे-बटणे करते. हुकूम आलेला नाही. वस्तू मिळाल्याच्या सुपुर्दनाम्यावर तिची सही घेणे अजून बाकी आहे.