आक्काचा पहिला श्वास

फोन आला तेव्हा मी मागावर विणत होतो. खडखडाटात काही ऐकू येईना म्हणून बाहेर आलो, ऐकलं, आत जाऊन माग बंद केला. आक्का परदेशात झोपेतच हृदय बंद पडून गेली होती. अंत्यविधीही आम्ही फोनवरच पाहिला. आता महिना उलटून गेला... मला अजून रडू आलेलं नाही. वडगावच्या आमच्या गल्लीतल्या बायका त्यावरून माझ्याकडे काळजीनं बघतात. बघोत.

आक्का माझी थोरली बहीण. विणकराची पोर, पदार्थविज्ञान शिकली आणि मैदानाएवढ्या यंत्रापाशी जाऊन बसली. जन्मलेला जीव पहिला श्वास घेतो तेव्हा फुप्फुसात काय घडतं, हे ती एक्स-रेनं बघायची. पोटात असताना फुप्फुसात पाणी असतं. श्वासागणिक हवा ते मागं सारते. साध्या एक्स-रेत हे कोवळं फुप्फुस नीट दिसत नाही. पण हवा आणि पाणी भेटतात तिथे किरण किंचित वळतात, ते वळणं तिचं यंत्र टिपायचं. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांना श्वास कसा द्यावा हे कळावं, यासाठी सगळा खटाटोप.

आईला यात भलताच रस. आक्का जन्मली तेव्हा रडलीच नव्हती. सुईणीनं कानाशी काशाची थाळी वाजवली, तेव्हा कुठे तिनं श्वास घेतला, असं आई गल्लीभर सांगायची. गेल्या दिवाळीला आक्का आली आणि तिनं मोबाइलवर एक फिल्म दाखवली. काळपट छाती, मग कडेकडेनं उजळत जाणारे पांढरे ठिपके.

"ह्यात आवाज न्हाय व्हय गं?" आईनं विचारलं.

"न्हाय, आई."

"मग थाळी वाजल्याली कशी कळायची?"

आक्का पोट धरून हसली. आई तो आक्काच्याच जन्माचा एक्स-रे समजली होती. ते प्रयोगातलं सशाचं पिल्लू आहे, हे मी सांगायला तोंड उघडलं, तर आक्कानं डोळ्यांनीच मला गप्प केलं. जाताना फिल्म माझ्या मोबाइलवर टाकून गेली.

तेरावं झाल्यावर एका दुपारी आई म्हणाली, "आक्काचं त्ये लाव रं." लावलं. पहिला ठिपका उजळला तशी ती म्हणाली, "घेतला." फिल्म संपली.

"म्होरं न्हाय?"

"एवढंच हाय, आई."

"मग परत पहिल्यापासनं लाव."

आता रोज जेवणानंतर लावतो. सशाचं पिल्लू आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण सुरुवातीला ती छाती क्षणभर हलत नाही ना... तेवढा वेळ आईबरोबर मीही श्वास रोखून बसतो.