उसातला आउट

माजलगावच्या कालव्याखाली आमचं मैदान. त्याच्या लेगसाइडला ऊस. टेनिस बॉल थेट उसात गेला की बॅट्समन आउट, हा आमचा नियम. उसाचा मालक कुणाला आत शिरू देत नसे आणि गेलेला बॉल हाती लागत नसे, त्यातून तो नियम पडून गेला होता. बाहेरगावच्या टीम हसायच्या. हसोत बापडे. त्या नियमावरच मी गावाच्या टीममध्ये बॉलर म्हणून टिकलो होतो.

माझा बॉल हळू. उंच सोडायचा आणि आत वळवायचा. समोरच्याच्या तोंडाला पाणी सुटायचं, पण जोर लावावा तर ऊस, न लावावा तर धावा नाहीत. भलेभले दांडगे गडी तिथं विचारात पडायचे. दिवसभर गॅरेजात मालकाची बोलणी खाणाऱ्या माणसाला हे सुख फार मोठं असतं.

मग एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची स्पर्धा आली. मोबाइलवर लाइव्ह दाखवायची, म्हणून सिक्स हवेत. पुढाऱ्याच्या माणसांनी उसाच्या मालकाला गाठलं, बॉलची खोकी आणून ठेवली आणि ठरवून टाकलं की उसात गेला तर सिक्स. आमचा कॅप्टन, म्हणजे माझा धाकटा चुलतभाऊ, त्या बैठकीत होता. तू काही बोलला का नाहीस, असं मी त्याला विचारलं. सगळ्यांनाच मान्य होतं, म्हणाला. सगळे म्हणजे बॅटी धरणारे. बॉलरला विचारतो कोण?

पहिल्याच मॅचमध्ये माझी ओव्हर उसात गेली. बॉल तेच, फटकेही तेच. ज्याला मी माघारी पाठवायचो, तो आता बॅट उंचावून दाखवत होता आणि कॉमेंट्रीवाला माझी टिंगल करत होता. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर मला बॉल मिळाला नाही. पुढच्या मॅचला तर मी टीममध्येच नव्हतो.

स्पर्धा संपली, नियम मात्र तोच राहिला. काही दिवसांनी चुलतभाऊ गॅरेजवर आला. मला वाटलं, परत बोलवायला आलाय.

"दादा, सांजच्याला सरावाला येत जा," तो म्हणाला. "तुज्या बॉलवर पोरायला सिक्सची सवय लई चांगली लागती."

अगदी प्रेमानं म्हणाला. एखादी शिवी दिली असती तर मी त्याला हाकलून तरी दिलं असतं.

मी जातो. गॅरेज सुटलं की हाताचं ऑइल घासून काढतो, मैदानावर जातो आणि त्यांना मारता येईल असा बॉल टाकतो.