भिंतीपलीकडचा वारा

मुलांनो, नोकरांचं मन कामात कसं रमवावं, यावर तुमच्या कचेरीत सभा भरल्याचं वाचलं आणि मला ठाण्याचा एक पंखेवाला आठवला. त्याचं नाव आम्ही कुणी कधी विचारलं नाही.

माझे वडील तिथल्या एका कोर्टात शिरस्तेदार, म्हणजे मुख्य कारकून, होते. दुपारी मी त्यांचा फराळ घेऊन जाई. पंखेवाला बाहेर ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसे. भिंतीच्या भोकातून आलेली दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून तो आतला, छताला टांगलेला कापडी पंखा हलवी आणि थोड्याच वेळात घोरू लागे. आत न्यायाधीश साहेब घामाने निथळे. शेवटी साहेबाने त्याला काढून टाकायला सांगितलं.

वडील बाहेर येऊन म्हणाले, "अरे, बसून पाय हलवायचा, तेही तुला जमू नये?"

तो अंगठा सोडवत म्हणाला, "रावसाहेब, अकरा वर्षं ओढतोय. वारा लागतो कुणाला, ते एकदा दाखवा, मग जातो."

वडील तसेच आत गेले. साहेबाची समजूत घालून त्यांनी भिंतीत लहानशी खिडकी पाडून घेतली.

त्यानंतर तो कधी झोपला नाही. मात्र साक्षीदार अडखळला की पंखा थांबे, आणि वकील तावात आला की असा सुटे, की साहेबाचे कागद उडत.

"झोपायचा, तेव्हा कागद तरी जागेवर असायचे," साहेब कुरकुरला. पण त्याला काढलं नाही. वडिलांनी कल्याणहून नदीतले गोटे मागवून कागदांवर ठेवले.

त्यातला एक गोटा अजून माझ्या मेजावर आहे.