बीटा किती आला?

मी लोणावळ्याच्या एका शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आकड्यांपुढे कोणी लोटांगण घालायला लागलं की मला आधी हसू येतं आणि मग चीड. लग्नाच्या आठव्या वर्षी मूल व्हावं म्हणून आम्ही उपचार सुरू केले आणि वराळ्यातलं आमचं अख्खं घर आकड्यांच्या भजनी लागलं.

सोमाटण्याजवळच्या त्या सेंटरात पहिल्याच दिवशी माझ्या रक्तातलं एक हार्मोन मोजलं. डॉक्टरीणबाईंनी कागद बघून ओठ मुडपले आणि भिंतीवरच्या तक्त्यात पेनाने खालची एक जागा दाखवली. तिथे मी होते म्हणे. आठ वर्षं त्या जागेत बसवून बाई पुढच्या पेशंटकडे वळल्या.

गर्भ पोटात सोडला की चौदा दिवसांनी पुन्हा रक्त काढतात. गर्भ रुजला का, ते सांगणारं हार्मोन त्यात मोजतात. त्याला सगळे बीटा म्हणतात. पहिल्या खेपेला माझा बीटा चारशे बारा आला. एवढा मोठा आकडा म्हणजे जुळंच, असं सासूबाईंना कोणीतरी सांगितलं. झालं! त्यांनी खण आणून दोन कुंच्या शिवायला घेतल्या. गल्लीतल्या बायकांना आकडा तोंडपाठ. ‘चारशे बारा हाय, लय चांगला हाय म्हनं,’ असं त्या एकमेकींना सांगत, जणू मी दहावीत पहिली आले होते. आणि दोन दिवसांत हा आकडा दुप्पट व्हावा लागतो म्हणून पुन्हा रक्त तपासलं, तर गिरणीवर एकीने सगळ्यांसमोर विचारलं, ‘डबल झालं का गं?’ आमच्याकडे सोसायट्या उठायला लागल्यापासून हा प्रश्न जमिनीच्या भावाबद्दल विचारतात. मी दळण उचललं आणि घरी आले.

सातव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके नव्हते. जुळं सोडाच, एकाचेही नव्हते. सासूबाई रडल्या आणि डोळे पुसून म्हणाल्या, ‘मशीनच बिघडलं आसंल. आकडा तर चांगला हुता.’ माझं मूल गेलं होतं आणि या बाईला आकड्याची बाजू घ्यायची होती. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

गोठवून ठेवलेला एकच गर्भ उरला होता. पुन्हा पहिल्यापासून सगळं करायची अंगात ताकद नव्हती, म्हणून हा शेवटचा, असं मी आणि नवऱ्याने ठरवलं. चौदाव्या दिवशी मधल्या सुट्टीत रिपोर्ट आला. सेहेचाळीस. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, ‘फारशी आशा धरू नका. परवा पुन्हा बघू. इंजेक्शनं चालू ठेवायची तर ठेवा.’ बाजार उठताना भाजीवाली उरलेली कोथिंबीर पुढे सरकवते, तसा तो स्वर होता.

ती इंजेक्शनं गर्भ टिकावा म्हणून रोज कमरेखाली टोचायची. तिथे गाठी झाल्या होत्या, धड बसता येत नव्हतं. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, बस झालं, सेहेचाळीसमध्ये काही राम नाही.

नवरा देहूरोडच्या डेपोत स्टोअरला आहे. इंजेक्शन द्यायला तो शिकला होता. त्याने शांतपणे सुई काढली आणि म्हणाला, ‘आमच्याकडं दुसरी मोजणी झाल्याबिगर कुटलाच माल बाद करत न्हाईत. पालथी हो.’

‘मी माल आहे का?’ म्हणून मी ओरडले. पण पालथी झाले.

दोन दिवसांनी अठ्ठ्याऐंशी आला. दुप्पट व्हायला चार कमी. ‘न्हाई झालं डबल,’ ही बातमी सासूबाईंनी गिरणीपर्यंत पोचवली आणि बायकांनी माझी चौकशीच सोडून दिली. नवरा एवढंच म्हणाला, ‘वाढलंय ना? मग चालू ठेवायचं.’

वर्गात मी दरवर्षी घसा फोडून सांगते की सरासरी सगळ्या वर्गाची असते, एका पोराची नसते. पण घरी मीही त्या बायकांतलीच एक निघाले. पुढचे दोन आठवडे मी पोटावर एकदाही हात ठेवला नाही. नापास झालेल्याचे लाड कशाला करायचे, असंच काहीतरी डोक्यात होतं. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

सोनोग्राफीला मी ‘नाही’ ऐकायच्या तयारीने गेले. शाळेतून अर्ध्याच दिवसाची रजा घेतली होती. नवरा कोपऱ्यात उभा होता. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ यंत्र फिरवलं आणि मग आवाज मोठा केला. खोलीभर धडधड ऐकू आली, भरभर आणि एकसारखी.

‘एकशे अठरा ठोके,’ बाई म्हणाल्या.

सासूबाईंना, गल्लीला, त्या तक्त्याला मी वर्षभर शिव्या घातल्या होत्या. आणि माझ्या लेकराचा आवाज पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा माझ्या तोंडून काय निघावं? ‘कमी नाहीत ना?’

नवऱ्याने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. तो ऐकत होता.