गाडीखालचा आडवा दांडा

कोणतीही गाडी उभी दिसली की भाऊ तिच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही तळहात टेकवायचे, अंगाचं वजन टाकून दाबायचे आणि एकदम सोडून द्यायचे. मग ती किती वेळा झुलते ते बघत राहायचे. "एक डाव खाली, एक डाव वर, मंग गुमान उभी राह्यली पायजे," ते म्हणायचे. "तिसऱ्यांदा हालली त मले भेव वाटते."

आणीबाणीच्या आदल्या वर्षाची गोष्ट. वाशीमच्या एका संस्थेच्या फिरत्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो आणि हे ड्रायव्हर. मूळचे रिठदचे. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. गाडीत तिसऱ्या आमच्या नर्सबाई, धनजकडच्या. डॉक्टर आठवड्यातून एकदाच यायचे.

गाडी म्हणजे जुन्या व्हॅनवर चढवलेली पत्र्याची उंच खोली. आत माणूस ताठ उभा राहायचा. टपावर पाण्याची टाकी, औषधांचे पेटारे, तंबूचे बांबू. वळण आलं की सगळी खोली एका अंगाला कलायची. बाई तोंडाला पदर लावून बसायच्या, मी औषधांचं कपाट पाठीनं दाबून धरायचो.

"गाडीचा दोष नाही," भाऊ म्हणाले. "डोक्यावर एवढं ओझं देल्लं त माणूसबी झोकांड्या खाईन."

दोन रविवार ते गाडीखाली होते. टाकी टपावरून उतरवून आत तळाशी बसवली. पेटारे खाली घेतले. मागच्या स्प्रिंगच्या कमानीला एक पोलादी पाटा वाढवला. आणि भंगारातल्या एका ट्रकचा पोलादी दांडा आणून मागच्या दोन्ही चाकांच्या मध्ये आडवा जोडला. मला खाली वाकायला लावून त्यांनी तो दाखवला. "एक बाजू दबली का हा दुसरीलेबी खाली ओढते. मंग गाडी कलंडत नाही."

सोमवारी केनवडच्या वळणावर बाईंनी गाडी चालू असताना कपातून चहा प्यायला. "भाऊ, सांडला नाही बरं," त्या म्हणाल्या. भाऊंनी मागं न बघता मान हलवली. त्यांचे कान लाल झालेले मला मागून दिसले.

पावसाळा संपता संपता संस्थेचे नवे साहेब गाडी तपासायला आले. वाकून खाली बघितलं आणि विचारलं, "हे कोणाच्या परवानगीनं?"

"साहेब, एक डाव बसून पाहा. केनवडपावतर चला."

साहेब बसले नाहीत. गाडी मुळात जशी होती तशी करा, नाहीतर दुसरी नोकरी बघा, म्हणाले. भाऊंना तीन लेकरं होती. मी शेजारीच उभा होतो. मला बोलता आलं असतं. मी बोललो नाही.

भाऊंनी दांडा काढला. वाढवलेला पाटा काढला. टाकी आणि पेटारे परत टपावर गेले.

त्यानंतर ते इतकी हळू गाडी चालवायचे की सायकलवाले पुढे जायचे. आठव्या दिवशी, केनवडच्याच वळणावर, समोरून बैलगाडी आली. भाऊंनी गाडी बाजूला घेतली आणि ती कलली. मला वाटलं, नेहमीसारखी परत सरळ होईल. झाली नाही.

बाटल्या फुटण्याचा आवाज बराच वेळ येत होता. बाई खालच्या बाजूला होत्या आणि औषधांचं कपाट त्यांच्यावर होतं. बैलगाडीवाल्यानं आणि भाऊंनी ते उचललं. बाई गेल्या होत्या. मी रडलो नाही, ओरडलो नाही. माझ्या हातात एक बूच आलं होतं, आणि ते कोणत्या बाटलीचं आहे हे मी त्या काचांत शोधत होतो. तुम्ही हसाल कदाचित. पण मी खरोखर शोधत होतो.

भाऊ माझ्यापुढे येऊन बसले. कपाळातून रक्त येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "कंपोंडरसायेब, मीनं माया हातानं काढला," ते म्हणाले. परत तेच म्हणाले. मग बैलगाडीवाल्यालाही तेच सांगितलं. त्याला बिचाऱ्याला काय कळणार?

चौकशीत साहेबांनी सांगितलं, असा दांडा कधी बसवलेलाच नव्हता. मी चकित होऊन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. या वेळी मात्र मी बोललो. दांडा होता, तो कोणी काढायला लावला, सगळं सांगितलं. लिहून घेणाऱ्याचं पेन कागदावर टेकलंच नाही. भाऊंना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "बाई माया गाडीत होत्या." त्यांची नोकरी गेली.

उन्हाळ्यात मी एसटीनं रिसोडला चाललो होतो. भर दुपारी रस्त्याच्या कडेनं भाऊ पायी जाताना दिसले. खांद्यावर पिशवी, डोक्याला दुपट्टा. कंडक्टर त्यांच्या ओळखीचा होता. त्यानं गाडी थांबवली. "काका, बसा ना. रिकामी आहे."

त्यांनी नको म्हणून मान हलवली. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणालो, "भाऊ, मी आहे आत. या."

त्यांनी मला ओळखलं. जवळ आले, खिडकीच्या दांडीवरच्या माझ्या हातावर हात ठेवला. "तुमी जा," ते म्हणाले. "खिडकीपाशी नका बसू. मधात बसा."

मग ते रस्त्यावरून खाली शेतात उतरले आणि गाडी जाईपर्यंत तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.