गाडी जड झाली

काल मी शिकवते त्या सातवीच्या वर्गात बाकं जोडून बैलगाडी केली, वर गोणपाट अंथरलं. त्या वासासरशी मी थेट माझ्या स्वतःच्या सातवीत जाऊन पोचले.

उमरेडहून नागपूरला निघालेल्या विणकरांचा प्रवास आमच्या इतिहासाच्या बाई असाच खेळायला लावायच्या. प्रत्येकाने घरून एक वस्तू आणून गाडीत ठेवायची. कुणी तांदूळ आणले, कुणी कंदील. मी आजोबांच्या मागावरचा, आडवा धागा नेणारा लाकडी धोटा आणला, त्यांच्या हाताने गुळगुळीत झालेला. खडूने काढलेल्या नदीत गाडी रुतली. आता एकाला उतरवायचं होतं; कोणाला, ते गाडीवानाने ठरवायचं. गाडीवान होती वंदना, सीताबर्डीच्या कापड दुकानदाराची मुलगी.

"हे लाकूड काय शिजवून खायचं? उतर वं, गाडी जड झाली!"

वर्ग हसला. बाईही हसल्या. विणकरांच्या गाडीतून वर्गातली एकुलती एक विणकराची पोर उतरली आणि तास संपेपर्यंत धोटा छातीशी धरून भिंतीला टेकून उभी राहिली. तेव्हा मला लाज वाटली होती. आता ते आठवलं की हात शिवशिवतात.

वंदनाची मुलगी यंदा माझ्या वर्गात आहे. काल गाडी रुतली तेव्हा मी गाडीवान झालेल्या मुलाला विचारलंच नाही, तिलाच उतरवलं. ती रडली. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

आज वंदना शाळेच्या फाटकाशी आली. तिने मला ओळखलंही नाही.

"मॅडम, माह्या पोरीलेच काहून उतरवलं?"

कालच्या खेळासाठी आणलेला तोच धोटा मी पर्समधून काढून तिच्या हातात ठेवला.

"गाडी जड झाली होती वं."