बोअरवेलवर आलेलं समुद्राचं यंत्र

काही गुन्ह्यांचे कागद बंद होतात, पण ते प्रकरण आपल्या मनातून जात नाही. हे तसंच एक. त्यात चोरी झाली नव्हती, कोणी मेलं नव्हतं, आणि खरं तर ते आमच्या हद्दीतलंही नव्हतं. आमच्या हद्दीत गोदावरी आहे. समुद्राचा आणि गेवराई तालुक्याचा संबंध शाळेच्या भूगोलापुरता.

जुलैचा पहिला आठवडा होता. सकाळची हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो, तेवढ्यात चकलांब्याच्या पुढच्या एका गावातून फोन आला. बोलणारा बोअरवेलच्या मोटारी दुरुस्त करणारा मिस्त्री होता.

"साहेब, एक गडी मोटर घेऊन आलाय. पन ही मोटर न्हाई. हिला पाणी वढायला तोंड न्हाई, पंखा न्हाई. अन् आतून टकटक करतिया."

"तू हात लावलास का?"

"लावलाय की. आता लई भ्या वाटायलंय."

आम्ही पोहोचलो तेव्हा मिस्त्री दुकान उघडं टाकून लिंबाखाली जाऊन बसला होता. दुकानात गोणपाटावर हातभर लांबीचं चकचकीत नळकांडं होतं. एका टोकाला जाड केबल तुटलेली, मधोमध लाल पट्टा, त्यावर आकडे, दोन-चार सुटी इंग्रजी अक्षरं आणि खाली मला अजिबात न वाचता येणारी दुसरी एक लिपी. थोड्या थोड्या वेळानं आतून टक असा आवाज यायचा. मी आजूबाजूची घरं रिकामी केली आणि बीडहून बॉम्बशोधक पथक मागवलं. दुपारपर्यंत त्यांचा निर्वाळा आला. स्फोटक नाही, आत बॅटरी आणि बारीक यंत्रं आहेत. लोक घरी गेले. माझं काम मात्र वाढलं, कारण त्या परक्या लिपीची बातमी वरपर्यंत गेली होती आणि चौकशी यंत्रणांचे दोन अधिकारी निघालेही होते.

नळकांडं आणणारा गडी पस्तिशीतला होता. दरवर्षी बायकोसोबत ऊसतोडीला जाणारा. त्याला चौकशीसाठी ठाण्यात आणलं. त्याचं उत्तर एकच होतं.

"परळीच्या भंगारात घेतली. गावच्या बोअरची मोटर जळालीय, म्हनून आनली."

आमच्या हवालदारांनी परळीचे सगळे भंगारवाले फोनवर घेतले. कोणीही असली वस्तू पाहिली नव्हती. मी पंचनाम्यासाठी नळकांडं पुन्हा नीट पाहिलं, तर पट्ट्याच्या खोबणीत पांढरे, खरबरीत, शिंपल्यासारखे कण घट्ट चिकटलेले. परळीच्या भंगारावर वीजकेंद्राची राख चिकटलेली असते, शिंपले नव्हे.

बाहेरून आलेले अधिकारी संध्याकाळी पोहोचले. त्यांना संशय होता की कोणीतरी समुद्राच्या तळाचं परकीय यंत्र उचलून आतल्या भागात लपवायला पाठवलं. याला उद्या न्यायालयात हजर करून मुंबईला नेऊ, असं ते म्हणाले. कुठली कलमं लागतील हेही त्यांनी सांगितलं. असल्या कलमांत माणूस आत गेला की वर्षानुवर्षं जामीन मिळत नाही. त्याची बायको ठाण्याच्या कट्ट्यावर सकाळपासून बसून होती. ती रडली नाही, फक्त येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक शिपायाला विचारत होती, "त्येनी जेवलं का?"

मी त्या अधिकाऱ्यांकडे एक तास मागितला आणि चहा घेऊन त्याच्यासमोर बसलो. कप घेताना त्याचे तळहात दिसले. माझं बालपण युसूफ वडगावच्या बाजूला ऊसतोड्यांच्या घरांत गेलं आहे. कोयता धरणाऱ्याचा घट्टा कुठे येतो आणि पाचटानं हात कुठे कापतात, हे मला माहीत होतं. याच्या दोन्ही तळव्यांवर आडवे, खोल, दोरी घसरल्याचे वळ होते.

"हे कोयत्याचे हात न्हाईत," मी म्हणालो. "यंदा ऊस सोडून कुठं गेलतास?"

त्यानं कप खाली ठेवला आणि तळवे मिटून घेतले.

"उद्या तुला मुंबईला नेतील. बायको बाहेर हाय तुझी. कुणाला वाचवायलास बे?"

मग त्यानं सांगितलं. मुकादमाशी भांडण होऊन त्यानं फेब्रुवारीत टोळी सोडली होती. बायकोला गावी पाठवून तो कोकणातल्या एका बंदरावर गेला आणि मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून लागला. पोहता येत नव्हतं. एकदा जाळ्याच्या दोरीत पाय अडकून पाण्यात गेला, तेव्हा बोट चालवणाऱ्या तांडेलानं उडी मारून त्याला वर काढलं.

"माझा जीव हाय त्यो त्येच्यामुळं. त्येचं नाव मी घेणार न्हाई."

"नाव घ्यायला काय झालं?"

"बंदीत गेलतो आमी."

आता उलगडलं. पावसाळ्याचे दोन महिने समुद्रात मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. त्यांची बोट चोरून गेली होती. जाळं तळाशी अडकलं आणि हे नळकांडं वर आलं. तांडेल ते परत पाण्यात टाकायला निघाला होता. आमच्या या गड्यानं मात्र केबल पाहिली, गोल चकचकीत अंग पाहिलं आणि त्याला गावची जळालेली मोटर आठवली. समुद्रात कोणाची तरी मोटर पडली असेल, असं समजून त्यानं ते मागून घेतलं, गोणपाटात बांधलं आणि एसटीच्या टपावर टाकून गावी आणलं. बीडचा माणूस पाण्याखालची वस्तू पाहून दुसरा कसला विचार करणार?

मी त्याला म्हणालो, "तांडेलाला काही होणार नाही. माझा शब्द आहे. बोटीचं नाव सांग."

त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि सांगितलं. मी जबाब लिहून घेतला, त्यानं अंगठा उठवला.

तोवर आमच्या हवालदारांनी नळकांड्यावरच्या आकड्यांचा फोटो समुद्रविज्ञानाच्या एका संस्थेला पाठवून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत तिथल्या एका शास्त्रज्ञ बाईंचा फोन आला. "उघडू नका, धुऊ नका, उन्हात ठेवू नका," हे त्यांचं पहिलं वाक्य. दुपारी त्या स्वतः आल्या. त्यांनी समजावलं की काही देशांनी मिळून समुद्राच्या तळाशी अशी यंत्रं ओळीनं ठेवली आहेत. ती प्रवाह मोजतात, देवमाशांचे आवाज टिपतात, तळावरून जाणाऱ्या केबलींजवळ कोणी नांगर ओढत असेल तर तेही कळतं. माहिती सगळ्यांनी वाटून घ्यायची. हे यंत्र दुसऱ्या देशाचं होतं. ते गायब झाल्यापासून त्या देशाला शंका होती की भारतातल्याच कोणीतरी ते मुद्दाम उचललं, आणि पुढची यंत्रं ठेवण्याची बोलणी त्यावरून अडली होती.

"खाली पहारा कसा ठेवता?" मी विचारलं.

"पहारा नसतो," बाई म्हणाल्या. "वर लिहिलेलं असतं, हे निरुपद्रवी आहे, सापडल्यास कृपया परत करा."

ती परकी लिपी तेवढंच सांगत होती. त्या गड्याच्या जबाबानं सिद्ध झालं की यंत्र जाळ्यात चुकून आलं. चौकशी यंत्रणांनी त्याला सोडलं. काही महिन्यांनी त्या देशाकडून आभाराचं पत्र आलं, वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

पण जबाबाची प्रत किनाऱ्यावरच्या पोलिसांकडेही गेली होती. बोट जप्त झाली, मालकाचा परवाना गेला, तांडेलाला पुन्हा कोणी बोटीवर घेईना. कायदा चुकला नव्हता. विणीच्या काळात जाळी ओढली तर उद्या कोकणातल्याच पोरांच्या ताटात मासा राहणार नाही. चुकलो मी. जबाबात लिहिलेली गोष्ट माझ्या हातात राहत नाही, हे मला वीस वर्षं माहीत होतं. तरी शब्द दिला, कारण तो दिल्याशिवाय माणूस बोलणार नव्हता.

दोन वर्षांनी युसूफ वडगावच्या बाजारात तो गडी भेटला. मी तोंड चुकवणार होतो, पण त्यानंच हाक मारली आणि चहाला बसवलं. मी तांडेलाबद्दल विचारलं.

"भेटून आलो त्येला. म्हनलं, म्याच तुझं नाव घेतलं."

"माझा शब्द होता, ते सांगितलंस का?"

"न्हाई."

"कावून?"

"शब्द तुमी मला दिलता साहेब, त्येला न्हाई. त्येच्यापुढं मीच उभा ऱ्हायला पायजे."

तो सहज बोलला. त्याच्या बोलण्यात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर माझी सहा वर्षांची नोकरी उरली होती. त्या काळात मी चौकशीला बसलेल्या कोणालाही शब्द दिला नाही. माझ्या हातात काय आहे आणि काय नाही, ते आधी सांगायचो आणि मग विचारायचो. त्यामुळे काही जण बोललेच नाहीत आणि दोन-तीन प्रकरणं तशीच राहिली. वरिष्ठांनी त्याबद्दल मला सुनावलं, ते मी ऐकून घेतलं.